बाबासाहेबांचे शिक्षक आणि शिक्षक बाबासाहेब

सकाळी प्रभादेवी स्थानकावरून चर्चगेटची धीमी गाडी पकडणाऱ्या गर्दीत आपल्या वस्त्यांतली कॉलेजची मुलेमुली हमखास दिसतात. कुणी सिद्धार्थला, कुणी सिडनहॅमला, कुणी लॉ कॉलेजला. २०१८ पर्यंत या स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड होते. ते मुंबईचा एक गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्यावरून पडलेले. काळा घोड्याजवळचे एल्फिन्स्टन कॉलेज मात्र त्याच्या काकाच्या, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचे. स्थानकाच्या पूर्वेला उतरून परळच्या अंगाने चालत गेले की पोयबावाडी लागते. तिथल्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांच्या आयुष्यातली वीसेक वर्षे गेली. एल्फिन्स्टन कॉलेजात जाणारा विद्यार्थी भीमराव तिथलाच, आणि सिडनहॅममध्ये शिकवून घरी परतणारे प्राध्यापक आंबेडकरही तिथलेच.

त्या दोघांविषयी आम्हाला लिहायचे आहे. निमित्त साधे आहे. आमच्यातल्या एकाची पदव्युत्तर तोंडी परीक्षा होती. परीक्षकाने आधी आडनाव विचारले, मग प्रवेश कुठल्या वर्गातून झाला ते विचारले आणि फाइल मिटली. विषयावर एकही प्रश्न नाही. गुण पास होण्यापुरते मिळाले. अपमान झाला असे म्हणावे तर कुणी वाईट शब्द काढला नव्हता. पण त्या दिवसापासून आमचा हा मित्र वर्गात हात वर करेनासा झाला. प्रश्न विचारला गेला असता आणि उत्तर चुकले असते, तरी त्याला एवढे लागले नसते. तुमच्याकडून आम्हाला काही अपेक्षाच नाही, असे न बोलता सांगितले गेले की माणूस आतून आखडतो. हे बाबासाहेबांच्या वाट्याला आले होते का, आणि आले तर ते त्यातून कसे निघाले, या प्रश्नाने आम्ही त्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले.

सुरुवात साताऱ्याला होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव घातले गेले. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या शाळेत भीमरावाला बसायला घरून आणलेले गोणपाट होते आणि संध्याकाळी ते परत न्यावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने पाणी ओतले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात मुलाला कुठे बसवले यावरूनच त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते ठरत होते. तरी त्याच शाळेत पेंडसे नावाचे शिक्षक होते. पावसात चिंब भिजून आलेल्या भीमरावाला त्यांनी आपल्या घरी पाठवून कोरडे करवले. आणि आंबेडकर आडनावाचे शिक्षक होते, जे मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातला वाटा त्याला देत. त्यांचे आडनाव पुढे जगभर गेले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोललेली बरी. या दोन शिक्षकांची आठवण आपल्याला पुष्कळदा एका वेगळ्याच हेतूने सांगितली जाते: पाहा, चांगले सवर्णही होते, मग एवढा राग कशाला? आम्हाला ती वाट मान्य नाही. एका शिक्षकाच्या मायेने गोणपाट हटले नाही, नळही मोकळा झाला नाही. पण माया करणारा शिक्षक होता हेही खोटे नाही. आपण दोन्ही सांगायला शिकले पाहिजे.

१९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. खोलीत स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सगळे एकत्र. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. भीमरावाने संध्याकाळी लवकर झोपायचे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवायचे आणि गिरणगाव झोपलेले असताना पहाटेपर्यंत अभ्यास करायचा, असा नेम होता. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचे दागिने उसने आणून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत.

भीमरावाचा पहिला शिक्षक हाच. आणि त्याच्या अपेक्षांचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. मुलाने एकदा विचारले, ज्या ग्रंथांत आपल्याला खाली लेखले आहे ते आपण का वाचायचे? रामजींचे उत्तर बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लिहून ठेवले. त्याचा आशय असा की आपण अस्पृश्य म्हणून आपल्या मनात कमीपणा घर करण्याचा धोका आहे; द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतले होते पण किती उंचीला गेले ते पाहा, वाल्मीकी पाहा, म्हणजे तो कमीपणा जाईल. आज द्रोणाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे एकलव्याचा तुटलेला अंगठा येतो, आणि तो यायलाच हवा. मुलाचेही त्या उत्तराने समाधान झाले नव्हते. ग्रंथ चुकीचा निवडला असेल, पण आपल्या मुलाच्या मनात काय शिरू शकते हे त्या बापाने बरोबर ओळखले होते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट यायला अजून अर्धे शतक जायचे होते.

एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी शाळा, मुंबईतली नावाजलेली. इथे गोणपाट नव्हते. पण एके दिवशी शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्याच्या मागे मुलांचे डबे ठेवलेले असत. त्याने फळ्याला हात लावण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. मग त्याने गणित सोडवले. या प्रसंगातला शिक्षक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याने बोलावले, म्हणजे त्याला गणित येईल असे त्याने धरले होते. त्याच शाळेत दुसरा एक शिक्षक होता, जो म्हारड्या पोराला शिकून काय करायचे आहे अशा अर्थाचे सतत ऐकवत असे. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की एकदा भीमरावाचा संयम सुटला आणि त्याने त्या शिक्षकाला आपले काम पाहायला सांगितले. तिसरा संस्कृतचा. त्याने अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला, म्हणून भीमरावाला फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आमच्या अभ्यासवर्गात हा आकडा सांगितला की मुले चमकून बघतात. आपण घराघरांत बाबासाहेबांची एक मूर्ती अशी करून ठेवली आहे की ते जन्मतःच विद्वान होते, त्यांना सगळे आपोआप येत होते. ही भक्ती मुलांच्या कामाची नाही, उलट ती मुलांना सुचवते की तुम्ही तसे नाही. २८२ गुणांच्या मुलाकडे आजचा एखादा प्राध्यापक कसा बघेल, याचा विचार करा. कटऑफच्या यादीत त्याचे नाव कुठे असते? आणि ते गुण कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, कोणाच्या दागिन्यांवर मिळवले आहेत, हे यादीत कुठे दिसते?

ते पाहणारा एक माणूस होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, तुकारामांचे, बुद्धाचे आणि पुढे शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी येत आणि एक मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली, आणि ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. लक्षात घ्या, भीमराव त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्यांच्यावर त्याची कसलीही जबाबदारी नव्हती.

भीमरावाच्या सत्कारसभेची गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तिच्या दोन आवृत्त्या आहेत. चरित्रकार सांगतात की सभा मॅट्रिकनंतर झाली आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. स्वतः बाबासाहेबांनी लिहिले आहे की ती इंग्रजी चौथी पास झाल्यावर झाली आणि अध्यक्ष केळुसकर होते. रामजींचा सभेला विरोध होता. एवढ्याने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक केळुसकरांकडे गेले आणि केळुसकरांनी रामजींना राजी केले. सभेच्या शेवटी केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवले. तारखेचा तिढा संशोधक सोडवतील. दोन्ही आवृत्त्यांत पुस्तक तेच आहे आणि देणारा हात तोच आहे.

इंटरनंतर रामजींचे पैसे संपले. केळुसकर भीमरावाला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असे महाराजांनी मुंबईत जाहीरपणे म्हटले होते. केळुसकरांनी तो शब्द पकडला. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्यूलर पुस्तके देत, कपडेही देत. कॉलेजच्या आवारातला हॉटेलवाला मात्र चहा देत नसे, पाणीही देत नसे. एकाच आवारात एक माणूस तुमच्या हातात पुस्तक ठेवतो आणि दुसरा पेला ठेवत नाही. १९१३ च्या सुरुवातीला बी.ए. झाले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले.

त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तिथे पहिल्यांदा त्यांच्याकडे बघणाऱ्या शिक्षकांना त्यांची जात ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर. बाबासाहेबांनी तिथे एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले; शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान. वर्गात शेवटच्या बाकावर बसून तास भरून काढणाऱ्याचे हे लक्षण नाही. संशोधन कुठल्या पद्धतीने करावे, असे त्यांनी सेलिग्मनना विचारले, तेव्हा मन लावून काम करत राहा, तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल, अशा आशयाचे उत्तर मिळाले. काहींना ते टाळाटाळीचे वाटेल. आम्हाला वाटते, अस्पृश्य मुलाला आयुष्यात क्वचितच ऐकायला मिळणारे वाक्य ते होते: तुझी स्वतःची पद्धत असू शकते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय २५. जातीच्या उत्पत्तीबद्दल मोठमोठ्या युरोपीय पंडितांनी मांडलेली मते त्यांनी त्यात एकेक करून तपासली आणि त्यातली बरीच खोडून काढली.

ड्युईंचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, त्याच्या चारच दिवस आधी ड्युई वारले. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सगळ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय या गुरूला दिले आहे.

लंडनचा अनुभव वेगळा होता आणि आजच्या संशोधक मुलांनी तो जास्त वाचावा. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ च्या ऑक्टोबरात दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपले होते, त्यामुळे मुंबईला परतून त्यांनी तो सुधारला आणि पाठवला. तो मंजूर झाला आणि वर्ष संपण्याआधी पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी आणि त्यात उघडपणे म्हटले की लेखकाची बरीच मते मला पटत नाहीत, तरी त्याच्या विचारांतला ताजेपणा मोलाचा आहे. मते पटत नसतानाही विद्यार्थ्याच्या पुस्तकाला आपले नाव देणारा मार्गदर्शक आज किती जणांना मिळतो? आमच्या माहितीतले कितीतरी जण गाइडला न पटणारे एक प्रकरण काढून टाकूनच पीएच.डी. झाले आहेत. परत आलेला प्रबंध म्हणजे आपल्या जातीवरचा शिक्का, असेही त्यांच्या मनात बसलेले असते. कधी तो खरोखरच शिक्का असतो, कधी नसतो. त्यातला फरक ओळखायला ज्याने आधी कुठेतरी विश्वास टाकलेला आहे असा एक तरी शिक्षक गाठीशी असावा लागतो.

मधल्या काळात बाबासाहेब स्वतः शिक्षक झाले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून, पगार महिना ४५० रुपये. त्याआधी बडोद्यात शिपायांनी त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकल्या होत्या आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. सिडनहॅममध्ये विद्यार्थ्यांनीच प्रथम त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवली नाही. हा अस्पृश्य आम्हाला काय शिकवणार, अशी कुजबुज होती. अपेक्षेचा हा खेळ शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडेच चालतो असे नाही, उलटाही चालतो. बाबासाहेबांनी तयारी करून करून व्याख्याने दिली आणि काही दिवसांतच दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी त्यांनी प्यायला मात्र काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे विद्यार्थी बदलले, प्राध्यापक तेवढे बदलले नाहीत. संध्याकाळी पोयबावाडीला परतायचे, पगारातले थोडे रमाईंच्या हातात घरखर्चाला द्यायचे आणि बाकीचे लंडनसाठी साठवायचे. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली.

पुढेही शिकवणे सुटले नाही. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा, मग सरकारी विधी महाविद्यालय, जिथे १९३५ साली ते प्राचार्य झाले. पण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते ते प्रभादेवीपासून हाकेच्या अंतरावर घडलेले काम. १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा सुरू झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी हिशोब मांडला की प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. तो काळ गिरण्यांचा होता आणि या गिरण्यांतही अपेक्षेचा नियम चालत असे. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण सूत तुटले की धागा तोंडाने ओढावा लागे. त्या खात्यात पगार जास्त होता. मग आपले लोक चांगले विणकर होत नाहीत, असे म्हणायला सगळे मोकळे. ज्याला माग हातीच लागू दिला नाही, त्याच्या कसबाविषयी निकाल आधीच लागलेला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायचा प्रयत्न केला.

१९६८ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले की चाचणीनुसार ही मुले यंदा फुलणार आहेत. प्रत्यक्षात नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. वर्षाअखेर लहान वर्गांतली ती मुले खरोखरच इतरांपेक्षा पुढे गेली. या प्रयोगावर पुढे खूप टीका झाली, परिणाम सरासरीने लहान असतो असे दिसले. पण अमेरिकेतल्याच नंतरच्या अभ्यासांत दिसले की कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतल्या मुलांवर तो परिणाम अधिक होतो. आपल्याकडे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले बरोबरीने होती. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात पुकारली आणि त्याच मुलांची कामगिरी घसरली. मेंदू तोच, कोडी तीच. बदलले काय, तर आपल्याकडे कसे बघितले जाणार आहे याचा मुलांनी बांधलेला अंदाज.

उच्च शिक्षणात हा अंदाज बांधायला फार जागा आहेत. लेखी परीक्षेत निदान आसनक्रमांकाची आड असते. पण अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, गाइडची निवड, शिफारसपत्र, प्रकल्पात कोणाला घ्यायचे, हे सगळे समोरासमोर ठरते. फ्रीशिपवाले उभे राहा, असे भर वर्गात म्हटले जाते. पहिल्याच दिवशी प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारला जातो. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल जो अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांची उदासीनता आणि तोंडी-प्रात्यक्षिकातला दुजाभाव हेच सांगितले होते. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे विनियम काढले. त्यानंतर २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये आपल्याच मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. त्यांच्या मृत्यूंची कारणे अपेक्षेच्या एका शब्दात मावणारी नाहीत आणि आम्ही ती तशी मावू देणार नाही. पण जे जगतात, गप्प होतात आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडतात, त्यांची कुठे बातमीही होत नाही.

आपल्या परंपरेत याची एक गोष्ट आहे. चुल्लपंथक नावाचा भिक्खू. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून संघात असलेल्या थोरल्या भावानेच त्याला विहारातून घरी जा म्हणून सांगितले. तो रडत बाहेर उभा असताना तथागत आले. त्यांनी त्याला पाठांतर दिले नाही. हातात एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो चोळत बसायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्या मळण्यातून चुल्लपंथकाला अनित्यता कळली. ज्याला मठ्ठ ठरवले होते, तो अर्हत झाला. शिक्षकाने मुलाकडून अपेक्षा कमी केली नाही, वाट बदलली. आरक्षणातून आलेल्या मुलावर दया म्हणून चार गुण जास्त टाकणारे प्राध्यापकही असतात. त्यांनी ही गोष्ट वाचावी, कारण तेही शेवटी फाइल मिटण्यासारखेच आहे.

बाबासाहेबांनी कॉलेजे काढली तेव्हा दया हा त्यांचा पाया नव्हता. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. वर्ग सकाळी भरत, त्यामुळे नोकरी करणारी मुले शिकू शकली. प्राचार्य म्हणून त्यांनी अ. बा. गजेंद्रगडकर यांच्यासारखा नावाजलेला संस्कृत पंडित आणला. याच्याकडे जरा थांबून बघा. ज्या मुलाला शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्याने आपल्या कॉलेजच्या प्रमुखपदी संस्कृतचा विद्वान बसवला. आमच्या मुलांना दुय्यम शिक्षक चालतील, असे त्यांना एक क्षणही वाटले नाही. कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद होती आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्रीय कायदामंत्री असताना बाबासाहेब स्वतः तिच्यासमोर बोलले.

१९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला दुसरे कॉलेज निघाले. निजामाच्या राजवटीत शिक्षणापासून तुटलेल्या मराठवाड्यातली मुले तिथे येणार होती. कित्येकांच्या घरात पहिली अक्षरे त्यांनीच आणली होती. त्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. नागसेन हा शिक्षक, मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. मिलिंद आपल्या विद्वत्तेच्या घमेंडीत भल्याभल्यांना वादात हरवत असे. नागसेनाने त्याला अट घातली की वाद विद्वानांसारखा करणार असाल तर करू, राजासारखा करणार असाल तर नाही. मिलिंद हरला आणि हरल्याचे कबूल केले. कॉलेजला गुरूचे नाव न देता विद्यार्थ्याचे दिले गेले, तेही अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते आणि त्यांनी लिहिलेले युगयात्रा हे नाटक मुलांनी बसवले. दलित साहित्याची पहिली पिढी ज्या थोड्या ठिकाणी घडली, त्यात या आवाराचे नाव घ्यावेच लागते. तिथे मुले लिहू लागली, कारण तुम्ही लिहाल असे तिथे कुणीतरी धरून चालले होते.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीत, बाबासाहेबांनी नानकचंद रत्तूंना बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे टंकलिखित कागद टेबलावर ठेवायला सांगितले. झोपण्यापूर्वी त्यांना त्यावरून हात फिरवायचा होता. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ पुढच्या वर्षी मुंबईहून सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने काढला, पण ज्या प्रस्तावनेत त्यांनी सत्काराची सभा, वडिलांशी झालेला वाद आणि केळुसकरांनी दिलेले पुस्तक यांविषयी लिहिले होते, ती त्यात छापली गेली नाही. बऱ्याच वर्षांनी भगवान दास यांनी ती उजेडात आणली. आमच्या प्रभादेवीच्या अभ्यासवर्गात यंदा ७ नोव्हेंबरला तीच प्रस्तावना मुलांनी मोठ्याने वाचली. तोंडी परीक्षेचा तो मित्रही होता. केळुसकरांच्या ओळी त्याच्या वाट्याला आल्या.